बॅटीची कड

प्रा. दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत. १९४० साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईविरुद्ध रणजी सामन्यात २४६ धावा काढल्या. मी मराठी शिकवतो. वय शेहेचाळीस, कॉलेजचा दुसरा मजला चढलो की धाप लागते! देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. १९४१ नंतर तो काही महाराष्ट्राच्या संघाकडे परतला नाही. मुंबईचा संघ वेगळा, त्याची गोष्टही वेगळी.

पण मला चुटपुट लागते ती आमच्या धावड्याच्या क्रिकेटची. अजिंठ्याच्या डोंगरालगतचे हे गाव. गावाबाहेरचे पडीक रान हे आमचे मैदान. सुताराने घडवलेली बाभळीची बॅट, रबरी चेंडू आणि स्टंपांच्या जागी तीन पऱ्हाट्या. पंच नेहमी बॅटिंग करणाऱ्यांपैकीच, कारण दुसरे माणूस उपलब्धच नसे. सारा खेळ एकमेकांच्या शब्दावर चाले. कड लागली की मुलगा आपण होऊन बॅट टाकी.

हल्ली टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. प्रवेश फी, रोख बक्षिसे, कर्ण्यावरून समालोचन आणि दर ओव्हरला पंचाशी हुज्जत. २००८ साली आयपीएल आली आणि गल्लीतल्या पोरालाही बोली लागण्याची स्वप्ने पडू लागली. संध्याकाळी पडीक रानात पाहावे तर शेळ्या. पोरे पारावर, फोनवर सामना बघत.

हे सगळे मी तावातावाने सांगतो खरा. पण १९९५ च्या दिवाळीत शेजारच्या गावाशी सामना होता. जिंकायला दोन धावा हव्या होत्या. माझ्या बॅटीची कड घेऊन चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला. पंच होता माझा चुलतभाऊ. त्याने माझ्याकडे पाहिले, मी जमिनीकडे पाहिले. पुढच्याच चेंडूवर आम्ही जिंकलो. गोलंदाज माझ्याच वर्गातला. त्याने एवढेच विचारले, "लागला नव्हता ना?"

"नाही," मी म्हणालो.

गेल्या वर्षी सुटीत तो बाजारात भेटला. मिरचीची पोती वजनाला लावीत होता. इकडचे तिकडचे बोलणे झाले, चहा झाला. निघताना मी म्हणालो, "त्या दिवशी लागला होता रे."

काट्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "मला आवाज आलता."