घर बांधणाऱ्यांनी वही ठेवावी

कोकणातील गावांतून फिरताना जोत्यावर किंवा स्लॅबवर येऊन थांबलेली घरे दिसतात. घरचा कर्ता आखाती देशात किंवा मुंबईत कमावतो, पैसे पाठवतो आणि बांधकामावर देखरेख वृद्ध वडील किंवा घरातील बायका करतात. हिशेब नसला की पैसा आधी संपतो आणि घर मागे राहते. आयुष्यभराची मिळकत ज्यात घालायची, त्या कामासाठी एक साधी वही तरी ठेवली पाहिजे. वहीत तारीख, आलेला माल, त्याचे माप, दर, दिलेली रक्कम व घेणाऱ्याची सही एवढे असले तरी पुरे.

मापापासून सुरुवात करू. वाळू व खडी ब्रासवर मिळते. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी व मालाची उंची फुटांत मोजून गुणाकार करावा आणि 100 ने भागावे. 10 फूट लांब, 6 फूट रुंद व अडीच फूट उंच भरलेला माल दीड ब्रास होतो. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे तिचे माप प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, हेही लक्षात ठेवावे.

सळई वजनावर विकली जाते. तिची जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन वर्ग करावा व 162 ने भागावे. एका मीटरचे वजन किलोत मिळते. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई साधारण 10.67 किलो भरते, तर 8 मिलिमीटरची 4.74 किलो. नग मोजले की काट्याची पावती घरबसल्या पडताळता येते. थोडा फरक चालतो, मोठा फरक दिसला तर माल उतरवण्याआधीच विचारावे.

सिमेंटची गोणी 50 किलोची असते. ती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावी. गोणीवरील आठवडा व वर्ष पाहून घ्यावे, कारण साठवणीत सिमेंटची ताकद घटत जाते. काँक्रीट कालवताना सोपे जावे म्हणून मजूर पाणी वाढवतात. जादा पाण्याने काँक्रीट कमकुवत होते, तेव्हा तेथे मालकाने उभे राहावेच.

स्लॅब पडल्यावर खरे काम सुरू होते. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस व राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस ओलावा हवा. उन्हाळ्यात याहून जास्त द्यावा. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवणे उत्तम. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू 7 दिवसांआधी व त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवसांआधी काढू नयेत. सेंट्रिंगवाल्याला सामान दुसरीकडे न्यायचे असते, म्हणून तो घाई करतो. त्याचे ऐकू नये.

येथे कोकणातील अडचण अशी की मे महिन्यात विहिरी आटतात आणि जूनमध्ये पाऊस येतो. पावसाआधी घाईने मे महिन्यात टाकलेल्या स्लॅबला पाणीच मिळत नाही. म्हणून पाऊस उघडताच पाया घ्यावा आणि विहिरीत पाणी आहे तोवर स्लॅब उरकावा.

ठेकेदाराला रक्कम कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावी: जोते, लिंटेल, स्लॅब, गिलावा. माल कोणाचा व मजुरी कशी, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. काही रक्कम शेवटपर्यंत राखून ठेवावी. पुढे दिलेल्या पैशाला काम खेचून आणण्याची ताकद नसते.

शेवटी एक सूचना. एकाच वाडीत दोन-तीन घरे चालू असतील तर त्या मालकांनी आठवड्यातून एकदा आपल्या वह्या समोरासमोर ठेवाव्यात. चिऱ्याचा दर, गवंड्याची मजुरी, कोणत्या गाडीत माल कमी भरला, कोणाच्या स्लॅबला भेग गेली, हे एकमेकांना सांगावे. एकाने खाल्लेली ठेच दुसऱ्याचा पैसा वाचवते. आणि वहीच्या पानांची प्रत परगावी असलेल्या कर्त्याला पाठवली, तर त्यालाही आपला पैसा कुठे गेला हे कळते व घरात संशयाला जागा राहत नाही.