जुन्या गाडीचा कोंडलेला श्वास

कात्रजचा जुना घाट चढायचा, नसरापूर, मार्गासनी, साखर ही गावे मागे टाकायची आणि राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यात गाडी उभी करायची. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना सुटीच्या दिवसासाठी ही वाट छान आहे. पण पन्नाशी उलटलेली फियाट किंवा जीप चढ चढून आली की अनेकदा बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो, ऑइल भरायच्या तोंडातून धूर निघतो आणि गाडीखाली तेलाचे थेंब दिसतात. ‘जुनी गाडी आहे, चालायचेच’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. काही जण तर धूर येणाऱ्या नळीत बोळा कोंबतात. यातला कोणताही मार्ग इंजिनाच्या हिताचा नाही आणि गाडीत बसणाऱ्यांच्या आरोग्याच्याही नाही.

हा धूर येतो कुठून? सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवतीच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, क्रँक फिरतो त्या भागात उतरतो. गॅरेजमध्ये यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. या वायूत बरेचसे न जळलेले पेट्रोल, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ असते. वर येताना तो तेलाचे बारीक तुषारही सोबत आणतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती वाट म्हणजे ब्रीदर. ब्रीदर तुंबला की आतला दाब दुसरी वाट शोधतो. मग ऑइल सील आणि पॅकिंगमधून तेल झिरपते, डिपस्टिक वर उचलली जाते. अशा वेळी नुसते सील बदलून गळती थांबत नाही.

जुन्या काळी अनेक गाड्यांत ब्रीदरची नळी सरळ गाडीखाली सोडलेली असे. धावत्या गाडीखालच्या वाऱ्याने वायू ओढला जाई. वेग ताशी सुमारे ४० किलोमीटरच्या खाली गेला की ही ओढ मंदावते. म्हणजे घाटातल्या कोंडीत धूर तिथेच घुटमळतो आणि गंजलेल्या पत्र्याच्या भोकांतून थेट आत येतो. प्रवासात डोके दुखले, मळमळले की आपण दोष वळणांना देतो. कधी कधी तो या वायूचा असतो. अशा वेळी काचा उघडाव्यात, गाडी थांबवून बाहेर यावे.

या नळीचा हिशेब पुढे आला तो अमेरिकेत. लॉस एंजेलिसवरच्या धुरकटाचे मूळ वाहनांच्या वायूंत आहे, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. गाडीतून हवेत जाणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसमधून येत होता. १९६१च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत हा वायू झडपेतून पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची सोय आली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये अशी झडप त्याआधीच होती. आपल्याकडे पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी मात्र सायलेन्सरच्या तोंडाशीच होते. ब्रीदरमधून हवेत जाणारा वायू त्या कागदावर दिसत नाही.

५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली, तर २०२१च्या नियमांनुसार ती रोज वापरता येत नाही. आता कमी चालणाऱ्या गाडीचे दुखणे वेगळे असते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी तयार होते. त्यातले थोडे क्रँककेसमध्ये उतरते. इंजिन पुरेसे तापले नाही तर ते तेलात मिसळते आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय जमते. हीच साय ब्रीदर तुंबवते. म्हणून गाडी काढलीच तर अर्धा तास तरी चालवावी. एवढे करूनही साय येत असेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

इंजिन उघडण्याचा निर्णय घेण्याआधी क्रमाने पाहावे. प्रथम ब्रीदर, त्याची जाळी आणि नळी केरोसीनने धुवावी. झडप असल्यास काढून हलवावी. आतून खुळखुळ आवाज आला पाहिजे. मग गरम इंजिनावर ऑइलचे झाकण जपून उघडावे. हलकी वाफ चालते, पण ठोक्याठोक्याला फुंकर येत असेल तर कॉम्प्रेशन मोजावे. ते कमी भरले आणि सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडल्यावर वाढले, तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. चढावर सतत निळा धूर येणे हेही त्याचेच लक्षण. उतारावर पाय उचलून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट आला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर घ्यावा.

इंजिन धडधाकट असेल तर ब्रीदरची नळी एअर क्लीनरला जोडावी आणि मध्ये तेल अडवणारा डबा बसवावा. तो वेळोवेळी रिकामा करावा. नवी झडप लावली तर कार्बोरेटर पुन्हा जुळवून घ्यावा, कारण इंजिनाला जादा हवा मिळते. काम करताना हातमोजे घालावेत. वापरलेले इंजिन ऑइल वारंवार लागणे त्वचेसाठी कर्करोगाचा धोका ठरू शकते. काढलेले तेल ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये, ते अधिकृत संकलकाकडेच द्यावे.