किडीचं मूळ आणि परसबाग

दाताला कीड लागते असं आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो, पण त्या खड्ड्यात कीड कधीच नसते. दातांवर साचलेल्या चिकट थरातले जिवाणू साखरेवर जगतात आणि तिचं आम्ल करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५च्या खाली उतरला की दाताच्या कठीण आवरणातली खनिजं विरघळू लागतात. लाळ ते आम्ल निवळते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली याच्याइतकंच ती दिवसातून किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. सकाळी चहा-बिस्कीट, मधल्या सुट्टीत क्रीमरोल, शाळेतून आल्यावर पुन्हा बिस्किटं, संध्याकाळी दुकानातली टॉफी, असा ज्या मुलाचा दिवस जातो त्याच्या लाळेला सवडच मिळत नाही. दंतवैद्य कोरून, सिमेंट भरून दात वाचवतो आणि मूल पुन्हा त्याच डब्याकडे जातं. २००२-०३च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. इतक्या मुलांना खुर्चीत बसवून हा आजार आटोक्यात येणार नाही. म्हणून एखाद्या दाताच्या दवाखान्याने आपल्या वस्तीतल्या परसबागेसाठी जागा, पाणी, बियाणं किंवा पैसा दिला, तर ते काम उपचाराचाच एक भाग मानायला हवं.

साखरेवरचा आरोप दोन जुन्या पुराव्यांवर भक्कम उभा आहे. स्वीडनमधल्या लुंडजवळच्या व्हिपेहोल्म इथे १९४५ नंतर काही वर्षं मतिमंदांच्या संस्थेत प्रयोग झाले. रुग्णांची संमती न घेता त्यांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या गेल्या. माणुसकीला काळिमा फासणारा हा प्रयोग होता आणि त्याचा निष्कर्ष सांगताना हे सांगणंही आवश्यक आहे. निष्कर्ष असा, की जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधे खाल्लेला चिकट गोड खाऊ दात कितीतरी वेगाने किडवतो. दुसरा पुरावा जपानचा. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे माणशी वर्षाला सुमारे १५ किलो साखर खपत होती, ती १९४६पर्यंत पाव किलोच्याही खाली गेली. त्या काळात मुलांच्या दातांची कीड घटली आणि साखर परतल्यावर पुन्हा वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली, म्हणजे मोठ्या माणसाला जेमतेम सहा चमचे, ठेवायला सांगितली, त्यामागे दातांचंच कारण मोठं होतं.

आता बागेकडे येऊ. गाजर-मुळा चावल्याने दात घासल्यासारखे स्वच्छ होतात, हा समज सोडून द्यायला हवा. तसं होत नाही. बागेचा उपयोग वेगळा आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर आणि ऑरोरा शहरांत २९१ प्रौढांवर एक काटेकोर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काहींना सामुदायिक बागेत वाफा दिला, उरलेल्यांना थांबायला सांगितलं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निकाल असे, की वाफा मिळालेल्यांच्या आहारात रोज सुमारे १.४ ग्रॅम तंतू वाढले, त्यांची हालचाल वाढली, ताण कमी झाला. आकडे लहान आहेत आणि या चाचणीत कुणी दात मोजले नव्हते. पण एवढं दिसतं, की माती हाताळणाऱ्याचं ताट बदलतं, आणि उपदेशाच्या पत्रकांनी तेवढंही सहसा घडत नाही. ज्या मुलाने काकडीच्या वेलाला पाणी घातलं आहे, त्याच्या मधल्या सुट्टीच्या डब्यात काकडी टिकण्याची शक्यता वाढते. बिस्किटाची एक वेळ चुकली, तरी लाळेला तासाभराची उसंत मिळाली.

‘भाजी पिकवणं हे दंतवैद्याचं काम नाही’ हा आक्षेप नवा नाही. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं माउंड बायू हे गाव १८८७मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलं. तिथे डॉक्टर जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात डेल्टा हेल्थ सेंटर उभं केलं. समोर येणारी मुलं उपाशी आहेत हे पाहून तिथले डॉक्टर औषधासारखं अन्न चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. गावातले किराणा दुकानदार ते देत आणि बिल दवाखान्याच्या औषधखर्चात पडे. पैसा देणाऱ्या सरकारी खात्याने हरकत घेतली, तेव्हा गायगरांनी ठामपणे सांगितलं की कुपोषणावरचं औषध अन्नच आहे. पुढे केंद्राचेच समाजसंघटक जॉन हॅच यांच्या पुढाकाराने तिथल्या कुटुंबांची सहकारी शेती उभी राहिली आणि तिच्यात भाज्या पिकू लागल्या. कारण दवाखान्याबाहेर असेल, तर वैद्यानेही तिथवर जायला हवं, हे त्या मंडळींनी करून दाखवलं. दाताच्या किडीला हा न्याय अधिकच लागू पडतो, कारण तिचं कारण रोजच्या खाण्यात आहे.

याहून वजनदार आक्षेप असा, की फ्लोराइडची पेस्ट बागेपेक्षा स्वस्त आणि खात्रीची आहे. हे खरं आहे. दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणं कुठलीही बाग रद्द करू शकत नाही, आणि बाग दाखवून पेस्ट विसरायला लावणारा दवाखाना रुग्णांचं नुकसान करतो. दुसरा आक्षेप तंबाखूचा. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले, त्यांत बहुतेक खाणारे किंवा मशेरी लावणारे. गुटख्यावर २०१२पासून बंदी असूनही ही स्थिती आहे. मग काकडीची चिंता कशाला? पण याच ठिकाणी बागेचा सर्वांत मोठा लाभ मला दिसतो. मशेरी लावणारी बाई दुखेपर्यंत खुर्चीत येत नाही. आठवड्यातून एकदा वाफ्यापाशी भेटणाऱ्या दवाखान्यातल्या ताईंना मात्र ती हिरडीवरचा पांढरा चट्टा दाखवेल, कारण तिथे ओळख झालेली असते. तोंडाचा कर्करोग असा लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. आणि दवाखाना हे जाहिरातीसाठी करतो, हा संशय? तो दूर करणं दवाखान्याच्याच हाती आहे. बागेवर नाव वस्तीचं असावं, दवाखान्याचं नको.

जागा नाही म्हणणाऱ्या शहरांतही गच्ची, शाळेचं आवार, सोसायटीची मागची पट्टी असतेच. सांडपाण्यावर किंवा रस्त्याकडेच्या संशयित मातीत मात्र काही लावू नये, त्यापेक्षा ड्रम आणि आणलेली माती बरी. मेथी महिन्याभरात हाती येते, मुळा दीड महिन्यात. आपल्या भागातल्या दंतवैद्याला आणि सोसायटीच्या कार्यकारिणीला यंदाच्या पावसाआधी एकत्र बसवा. दोन वाफे, आठवड्याचा एक ठरलेला वार आणि त्या वारी तोंड तपासायला येणारं दवाखान्यातलं एक माणूस, एवढ्यावर सुरुवात करा.