इंजिन उघडायचं की बदलायचं?

टोमॅटोचे क्रेट वाहून दमलेली बोलेरो पिकअप निळा धूर सोडू लागली, की मालक थेट ‘दुसरं इंजिन’ शोधायला निघतो. जरा थांबावं. इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी उघडावी. धूर भकाभक येत असेल, तर रिंगा आणि बोअर झिजल्याचा संशय घ्यावा.

चार सिलिंडरच्या या २५२३ सीसी डिझेल इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सहज मिळतात. ब्लॉक शाबूत आणि क्रँक ग्राइंडिंगच्या मापात असेल, तर कामच करून घेतलेलं बरं. कनेक्टिंग रॉडने ब्लॉकलाच भोक पाडलं असेल, तर मात्र बदली.

भंगारातलं इंजिन स्वस्त दिसतं, पण त्याच्या पोटात काय दडलंय ते कोण उघडून दाखवतो? शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो. तो बदलला की आरटीओची फेरी आलीच, हातात बिल घेऊन.