रुग्णालयात मार कोण खातो? सुरक्षिततेचा प्रश्न आणि कार्यकर्त्यांची जबाबदारी

इंदापूर पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. महामार्गावर अपघात झाला की जखमीला आधी जवळच्या रुग्णालयात आणतात. डोक्याला गंभीर मार असेल, तर लागणारा मेंदूचा शल्यविशारद तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसतो. मग पन्नासेक किलोमीटरवरच्या बारामतीला, नाहीतर सव्वाशे किलोमीटरहून दूर पुण्याला न्यावे लागते. "पेशंटला पुढे न्या" हे सांगण्याची वेळ ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरवर किंवा सिस्टरवर येते. पदे भरणारे आणि यंत्रसामग्री मंजूर करणारे तिथे नसतात. समोर असतो तो माणूस सापडतो आणि राग त्याच्यावर निघतो.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात असेच घडले. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला दुसरीकडे नेण्यास सांगितल्यावर नातेवाइकांनी निवासी डॉक्टरला इतके मारले की त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हा सरकारने ११०० सुरक्षारक्षक देण्याचे मान्य केले. मात्र डॉक्टर मार खातो तेव्हा बातमी होते; सिस्टर, वॉर्डबॉय, सफाई कामगार, आशाताई शिव्या आणि धक्के खातात त्याची सहसा होत नाही. या कामांत आपल्या वस्त्यांमधले, आपल्याच घरांतले अनेक जण आहेत. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

धोका आतूनही येतो

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना तिथल्याच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला. पुढची जवळपास ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची शुश्रूषा केईएमच्या परिचारिकांनीच केली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरची तरुण डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये विश्रांती घेत असताना तिच्यावर बलात्कार करून तिची हत्या झाली. दोन घटनांमध्ये पन्नास वर्षांचे अंतर आहे, पण उणीव एकच दिसते. कपडे बदलायला किंवा घटकाभर पडायला बाईमाणसाला सुरक्षित खोली नव्हती.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसा रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. हल्ला, धमकी किंवा कामात अडथळा आणल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तोडफोड केल्यास उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.

या कायद्यात डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय व नर्सिंगचे विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारी येतात. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तिथल्या विद्यार्थ्यांनाही हे संरक्षण आहे. पण सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंचा त्यात वेगळा उल्लेख नाही. कोरोनाकाळात, २०२० मध्ये, साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनाही संरक्षण मिळाले. पण ते साथीपुरतेच. साथ ओसरली की आशाताईचा धोका संपतो का?

रुग्णाच्या तक्रारीचे काय?

उपचारात हलगर्जी होते, खासगीत बिले फुगवली जातात, गरिबाला उद्धट उत्तरे मिळतात. हा राग खोटा नाही. पण सिस्टरला मारून रिक्त पद भरत नाही आणि मारणाऱ्या पोरावर मात्र अजामीनपात्र गुन्हा लागतो. त्याच २०१० च्या कायद्यात हलगर्जीने बाधित झालेल्यांच्या तक्रारी ऐकून त्यांना मार्गदर्शन करणारे प्राधिकरण नेमण्याची तरतूद आहे. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयाची तक्रार वैद्यकीय अधीक्षकांकडे, पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करता येते. प्राथमिक आरोग्य केंद्राची जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे.

रुग्णालयात काही बिनसले की पहिला फोन कार्यकर्त्याला जातो. त्याने पन्नास जणांचा जमाव नेला तर परिस्थिती चिघळते. दोन समंजस माणसे आणि एक लेखी अर्ज नेला, तर प्रश्न धसास लागू शकतो.

विनयपिटकात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत, तसे रुग्णाचेही पाच सांगितले आहेत. म्हणजे जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराची सुरक्षितता हा त्याचा हक्क आहे, मालकाची मेहरबानी नव्हे, ही दृष्टी आपल्याला त्यांच्याकडून मिळाली आहे.

म्हणून बारामती आणि इंदापूरच्या तरुणांनी निवेदनात या मागण्या घ्याव्यात:

- रात्रपाळीतल्या महिलांसाठी आतून कडी लागणारी विश्रांतीची व कपडे बदलण्याची खोली, उजेड आणि चालू कॅमेरे.
- कंत्राटी कामगारांसह सर्वांसाठी लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती, तिच्या सदस्यांची नावे दर्शनी भिंतीवर.
- हल्ला झाल्यास सहा तासांत संस्थेनेच गुन्हा नोंदवावा. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या रुग्णालयांना तशी सूचना दिली आहे.
- सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि आशाताईंचा २०१० च्या कायद्यात स्पष्ट समावेश.
- रिक्त पदे भरावीत. नातेवाइकांच्या रागाचे मोठे कारण तिथेच आहे.