'ड्राय'च्या उलट काय?

शाळकरी मुलांच्या इंग्रजीच्या वहीत विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या असतात : हॉट-कोल्ड, बिग-स्मॉल, ड्राय-वेट. या शेवटच्या जोडीपाशी मी बरेच दिवस अडकून बसलो आहे. भाषाशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. कोश चाळण्याची खोड मात्र जुनी. चाळता चाळता लक्षात आले, की 'वेट' हे उत्तर बरोबर असले तरी फार थोड्या ठिकाणी चालते. टॉवेल ड्राय असेल तर उलट वेट, हे ठीक. पण त्वचा ड्राय असेल तर उलट 'ऑइली'. वाइन ड्राय असेल तर उलट 'स्वीट'. खोकला ड्राय असेल तर डॉक्टरांच्या भाषेत उलट 'प्रॉडक्टिव्ह', म्हणजे कफ सुटणारा. टोस्ट ड्राय असेल तर उलट लोणी लावलेला. आणि गाय ड्राय असेल तर उलट दुभती.

म्हणजे 'ड्राय' म्हणजे केवळ 'पाणी नसलेले' असे नाही. पुढे जे नाम येते त्याच्याकडून जो ओलावा, जो रस, जे तोंडीलावणे आपण गृहीत धरतो ते इथे नाही, असे हे विशेषण सांगते. कपडे 'ड्राय क्लीन' करताना ते द्रवातच बुडवतात. फक्त तो द्रव पाणी नसतो. काय गैरहजर आहे एवढे विचारले की उलट शब्द हाती येतो.

इंग्रजी विशेषणांची मांडणी अशा विरोधांवर करण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात झाला. जॉर्ज मिलर यांनी १९८५च्या सुमारास सुरू केलेला 'वर्डनेट' हा तो शब्दसंग्रह. त्यात विशेषणांची रचना समजावताना वेट-ड्राय हीच जोडी उदाहरणाला घेतली आहे. 'वेट'भोवती डॅम्प, मॉइस्ट, ह्यूमिड, सॉगी. 'ड्राय'भोवती ॲरिड, पार्च्ड. यांतल्या 'ॲरिड'ला स्वतःचा असा थेट विरोधी नाही. ते 'ड्राय'च्या ओळखीने 'वेट'पर्यंत पोचते. छटा अशा नात्याने बांधलेल्या असतात. भिंत डॅम्प, हवा ह्यूमिड, केक मॉइस्ट. केकला डॅम्प म्हटले तर यजमानीण रागावेल. वाइनच्या 'ड्राय'ला मात्र तिथे वेगळी नोंद आहे, आणि तिचा जोडीदार 'स्वीट'.

वाइनचे प्रकरण तर आणखी गमतीचे. शॅम्पेनच्या बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेले असले, तर युरोपीय नियमांप्रमाणे तिच्यात लिटरला १२ ते १७ ग्रॅम साखर असते. 'ब्रूट'मध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी. 'सेक' या फ्रेंच शब्दाचा अर्थच कोरडी, आणि साखर १७ ते ३२ ग्रॅम! एकोणिसाव्या शतकातली शॅम्पेन आजच्या मानाने कितीतरी गोड असे. तिच्या शेजारी 'सेक' खरोखरच सेक वाटे. चव बदलली, चिठ्ठी तशीच राहिली. राजकारणातही हेच. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तिचे समर्थक 'ड्राय' आणि विरोधक 'वेट'. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या काळात त्यांच्या आर्थिक धोरणाला कचरणारे स्वपक्षीय 'वेट', कट्टर समर्थक 'ड्राय'. दारूचा तिथे काही संबंध नाही.

मराठीने हे काम एका शब्दावर टाकलेले नाही. बोंबील सुके, विहीर कोरडी, पान वाळलेले, गाय भाकड. सुकी विहीर किंवा कोरडे बोंबील म्हणून पाहा, कानाला खटकते. ड्राय-ऑइली ही जोडी आयुर्वेदाच्या वीस गुणांत रूक्ष-स्निग्ध म्हणून आधीपासूनच बसलेली आहे. आणि ड्राय टोस्टचे भावंड म्हणजे आपली कोरडी भाकरी. तिच्याबरोबर खायला जे काही असेल त्याला गावाकडे 'कोरड्यास' म्हणतात. विशेषणाला नुसता प्रत्यय लावून त्याचा उतारा तयार केला! मला हा शब्द फार आवडतो. खोकल्यालाही 'ढास' असा वेगळा शब्द आहे, आणि तो विसरण्यासारखा नाही. ढास दाबायचे औषध वेगळे, कफ सुटायचे वेगळे. बाटलीवरच्या विशेषणाकडे दुर्लक्ष झाले, तर भलतेच औषध पोटात जाते.

पण या जोडीचा खरा घोळ शेतात होतो. 'ओला दुष्काळ' हा आपल्याकडे रोजचा शब्द. इंग्रजी बातमीत त्याचे 'वेट ड्राउट' होते, आणि बाहेरच्या वाचकाला तो शब्दांचा खेळ वाटतो. कारण 'ड्राउट' हे नाम 'ड्राय'च्याच जुन्या इंग्रजी मुळातून आलेले आहे. कोरडेपणा त्याच्या पोटातच आहे. 'वेट ड्राउट' म्हणजे थंडगार ऊन म्हटल्यासारखे. 'दुष्काळ'चे तसे नाही. दुस् अधिक काल, वाईट काळ. त्यात पाण्याचा उल्लेखच नाही, म्हणून तो कोरडाही होतो आणि ओलाही.

केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतले निकष पावसाची तूट, पिकांची स्थिती, जमिनीतली ओल असे आहेत. 'ओला दुष्काळ' ही संज्ञा तिच्यात नाही. शेतात पाणी तुंबून सोयाबीन कुजले, तर ती मागणी अतिवृष्टीच्या खात्यात जाते.

इंग्रजीत 'वेट' पेलू शकणारे एक नाम होते : 'फॅमिन'. उपासमार पुरानेही येते, अवर्षणानेही. पण महाराष्ट्राने १९६३मध्ये खास कायदा करून राज्यातल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'स्कार्सिटी', म्हणजे टंचाई, घातला. त्यामुळे इंग्रजीत अर्ज लिहून द्या असे कोणी म्हणाले, तर मी 'वेट ड्राउट' लिहीत नाही. किती पाऊस पडला, पाणी शेतात किती दिवस उभे राहिले आणि कोणते पीक कुजले, ते ओळीने लिहितो.