परसातील चार कोंबड्या आणि मुलांच्या ताटातील अंडे

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनलगत आता उंच इमारती झाल्या आहेत. परंतु शिवमंदिराच्या बाजूला, वालधुनीच्या काठाने किंवा आनंदनगर एमआयडीसीकडे गेले, की बैठी घरे आणि चाळी अजूनही दिसतात. अशा घरामागे दहा-बारा फूट मोकळी जागा असली, तरी चार कोंबड्या सुखाने राहू शकतात.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे पोटासाठी गावाहून इकडे आली. गावाकडे घरातील बाईच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा यायचा तो बहुधा अंड्यांचाच. त्या दोन पैशांतून पोरांच्या वह्या यायच्या, औषध यायचे. शहरात आल्यावर कोंबड्या सुटल्या आणि तो पैसाही सुटला.

आज हा विषय घेण्यास आणखी एक कारण आहे. शाळेच्या पोषण आहारात महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे सुरू केले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी बंद करण्यात आला आणि अंडे द्यायचे तर शाळांनी लोकसहभागातून द्यावे, असे ठरले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. वाढत्या मुलांना ती हवीतच. तेव्हा भगिनींनो, ते अंडे घरच्या घरी मिळविता येईल काय, याचा आपणच विचार करू या.

कोणती कोंबडी घ्यावी?

गावठी कोंबडी काटक, पण वर्षाला साधारण साठ-सत्तरच अंडी देते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी ‘वनराजा’ आणि ‘ग्रामप्रिया’ हे वाण तयार केले आहेत. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने १९८९ मध्ये ‘गिरिराज’ आणला. वनराजा शंभराच्या वर अंडी देते आणि अंगानेही भरते. केवळ अंड्यांसाठी ग्रामप्रिया बरी. परसात ती वर्षाला दीडशेच्या पुढे जाते.

हिशेब सोपा आहे. चार गावठी कोंबड्यांपासून आठवड्याला सुमारे पाच अंडी मिळतील. चार ग्रामप्रियांपासून अकरा-बारा. म्हणजे तीन मुलांना एक दिवसाआड अंडे. मात्र सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. पिले काढायची असतील तर त्यांची फळलेली अंडी गावठी कोंबडीखाली ठेवावीत. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. नुसत्या खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. चाळीत तर तो नसलेलाच बरा. पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी वाद नको.

खुराडे आणि खाणे

चार-पाच कोंबड्यांना तीन फूट बाय तीन फुटांचे खुराडे रात्रीपुरते पुरते. ते विटांवर किंवा खुंटांवर हातभर उंच असावे. बारीक छिद्रांची लोखंडी जाळी आणि घट्ट कडी हवीच. मुंगूस, घूस आणि मांजर एका रात्रीत वर्षाची मेहनत संपवितात. दिवे लागण्यापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात.

उरलेला भात, भाकरीचा चुरा, तांदळाची कणी, भाजीचा पाला हे त्यांना चालते. बुरशी आलेले किंवा फार खारट अन्न देऊ नये. त्याशिवाय दर कोंबडीमागे रोज मूठभर तयार खाद्य द्यावे. अंड्यांचे कवच पातळ होऊ लागले तर शिंपल्यांचा चुरा द्यावा, किंवा अंड्यांची टरफले भाजून, कुटून द्यावीत. पाणी स्वच्छ आणि सावलीत असावे. एप्रिल-मे महिन्यांत ते दोनदा बदलावे.

विकतची लहान पिले आणली तर पहिले तीन-चार आठवडे त्यांना ऊब लागते. जुना पिवळा साठ वॅटचा दिवा टोपल्यावर टांगावा. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. पिले दिव्याखाली दाटीने गोळा झाली तर त्यांना थंडी वाजते आहे आणि कडेला पळाली तर उकडते आहे, असे समजावे.

लस टाळू नका

पुष्कळ जणी सांगतात, ‘कोंबड्या ठेवल्या, पण एका आठवड्यात सगळ्या गेल्या.’ हे बहुधा मानमोडीचे, म्हणजे राणीखेत रोगाचे काम असते. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. त्यावर औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा तोच, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचायची लस, असा क्रम आहे. देवीची लस सहाव्या आठवड्यात देतात.

अडचण अशी, की लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात, आणि ती फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कोणी बाटली आणत नाही. म्हणून गल्लीतील आठ-दहा घरांनी एकाच वेळी पिले घ्यावीत आणि एकच दिवस ठरवावा. बर्फ घातलेल्या थर्मासमधून लस आणावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने सर्वांनी मिळून द्यावी. महिला मंडळाला हे काम अवघड नाही.

पावसाळा हा आपल्याकडचा दुसरा शत्रू. ओल्या जमिनीवर पिलांना रक्ती हगवण लागते. खुराड्यात भाताचे तूस पसरून रोज हलवावे. भिजलेले तूस लगेच काढावे.

कोंबडे विकताना

पिलांतील नर चार-पाच महिन्यांत दीड-दोन किलोचे होतात. आषाढात मागणी वाढते आणि श्रावण लागताच ती उतरते. त्या बेताने विकावे.

अचानक मेल्या तर?

देशात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे आला. म्हणजे हा धोका दूरचा नाही. एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर त्या कापू नयेत, खाऊ नयेत, विकू नयेत आणि वालधुनीत तर मुळीच टाकू नयेत. उघड्या हातांनी उचलू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. एरवीही मुलांना खुराड्याजवळून आल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी आणि अंडी व मांस पूर्ण शिजवूनच द्यावे.

सुरुवात चारच कोंबड्यांनी करावी. त्याआधी घरमालकाला आणि नगरपरिषदेत विचारून घ्यावे. रोज किती अंडी मिळाली, किती घरात खाल्ली, किती विकली, हे एका वहीत लिहावे. ही वही घरातील शाळकरी मुलीकडे द्यावी, आणि तिच्या ताटातील अंडे आधी बाजूला काढूनच उरलेली विकावीत.